भाऊबंदकीचे दप्तर

येरमाळ्यात जुना कागद नाही असे घर सापडणे कठीण, आणि तो कागद परक्याला दाखवील असे घर सापडणे त्याहून कठीण. बालाघाटाच्या रांगेत, येडेश्वरीच्या डोंगराच्या सावलीत, सोलापूरहून मराठवाड्यात शिरणारा हमरस्ता आणि बार्शीहून कळंबकडे जाणारी वाट जेथे एकमेकींस छेदतात तेथे वसलेले हे गाव. आणि या मुलखाने निजामशाही पाहिली, आदिलशाही पाहिली, मोगलाई पाहिली व अखेरीस १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत आसफजाही अंमलही पाहिला. येणाऱ्या प्रत्येक सरकारने आधीच्या सरकारचे कागद खरे की खोटे याची चौकशी आरंभिली आणि त्या चौकशीच्या निमित्ताने आणखी कागद निर्माण केले. जाताना ज्याने त्याने नेण्याजोगे ते नेले. परंड्याच्या किल्ल्यावरची मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफसुद्धा १६३२ च्या सुमारास विजापूरकरांनी ओढून नेली. कागद मात्र मागे राहिले, कारण कागदांत जमीन लिहिलेली होती, आणि जमीन ओढून नेण्याइतके बैल कोणत्याही सुलतानाच्या पागेत नव्हते.

राजेरजवाड्यांची पत्रे, सनदा आणि हस्ताक्षरे जमविण्याचा छंद ज्याला जडला त्याने अशा गावात जन्म घ्यावा की घेऊ नये, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्याकडे लोक कौतुकाने पाहतात, नाणी जमविणाऱ्याकडे किंचित असूयेने. परंतु कागद जमविणाऱ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले जाते ती दृष्टी मी एरवी केवळ दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात, प्रतिपक्षाच्या साक्षीदारावर रोखलेली पाहिली आहे. आपण ओट्यावर टेकतो, चहा येतो, पाऊसपाणी आणि सोयाबीनचा भाव यांवर यथास्थित चर्चा होते, घरधनी अगदी मोकळेपणाने आपल्या मधुमेहाचीही हकीगत सांगतो, आणि मग आपण, शक्य तितक्या निरागसपणे, “घरात काही जुने मोडी कागद आहेत का?” असे विचारतो, त्यासरशी सर्व संभाषण थंडावते. “कागद हाय की, गुरुजी,” तो म्हणतो, “पर थोरल्याच्या पेटीत हाय, अन् थोरल्याचं आमचं बोलणं न्हाई.” थोरल्याकडे जावे तर पेटी असते, पण किल्ली धाकट्याकडे असते. तिसऱ्या घरचा कागद वकिलाकडे असतो, वकील निवर्तलेले असतात आणि त्यांचे चिरंजीव पुण्यात संगणकाच्या नोकरीत असतात. ज्या गावाने हमरस्त्याचे चौपदरीकरण आणि त्याची भरपाई ही दोन्ही पाहिली आहेत तेथे एखादा वृद्ध गृहस्थ शेवटी आवाज खाली आणून विचारतोच, “खरं सांगा, आमच्या शिवारातून काही जातंय का?”

या संशयाचा राग येऊ देऊ नये. महाराष्ट्राचा जो काही लेखी इतिहास शिल्लक आहे तो या संशयाने राखला आहे. वाळवी, पावसाळा, आगी, घराच्या सुना आणि दिवाळीची साफसफाई या पाच संकटांतून कागद तरले ते कोणाला इतिहासाची आस्था होती म्हणून नव्हे, तर चुलतभावाला बांध द्यायचा नव्हता म्हणून. इतिहासाचा अभिमान फार तर दोन पिढ्या टिकतो. तिसऱ्या पिढीला माडी बांधायची असते आणि पेटी अडचणीची होते. परंतु दावा मात्र आजोबाकडून नातवाकडे वाढत्या जोमाने येतो, आणि जोवर दावा आहे तोवर सनद तांबड्या फडक्यात, फडके पत्र्याच्या डब्यात आणि डबा देव्हाऱ्याच्या मागे सुखरूप असतो. हे केवळ आमच्या गावचे आहे असे समजू नये. पुण्याच्या ज्या पेशवे दप्तराला आपण इतिहासाचे महामंदिर म्हणतो, ते इंग्रजांनी जतन केले ते बाजीरावाच्या पराक्रमावरील भक्तीने नव्हे. इनामे खरी कोणाची आणि बनावट कोणाची, हे तपासण्यासाठी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले, त्या कामी दप्तराचे हे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, लागत होते, म्हणून ते बांधून ठेवले गेले. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यांतून निवड करून पंचेचाळीस खंड छापले आणि मग सर्वांना त्यात इतिहास दिसू लागला. तोपर्यंत त्यात फक्त जमिनी होत्या.

कारीच्या जेधे घराण्याचेच पाहा. १६ जून १६५९ रोजी आदिलशहाने कान्होजी जेध्यांना फर्मान धाडले की, अफजलखानास जाऊन मिळा. कान्होजींनी हुकूम मानला नाही, ते शिवाजी महाराजांपाशीच राहिले, खान प्रतापगडाखाली संपला. पण फर्मानाचा कागद टाकून दिला गेला नाही, तो काळाच्या हवाली न होता आपल्या हाती आला. हुकूम धुडकावायचा आणि कागद जपायचा, हा बाणा आमच्या मराठी रक्तात इतका भिनलेला आहे की आजही ग्रामपंचायतीची अतिक्रमणाची नोटीस न जुमानणारा माणूस ती नोटीस मात्र विजेच्या बिलांसोबत तारेला ओवून ठेवतो. याच जेध्यांच्या घरची शकावली, म्हणजे घटनांची तिथीवार नोंद, लोकमान्य टिळकांच्या हाती गेली, १९१६ साली छापून निघाली, आणि शिवजन्माची तिथी कोणती यावर विद्वानांना पुढे कित्येक दशके पुरेल इतके भांडण तिने उपलब्ध करून दिले. ते भांडण आजतागायत दिनदर्शिकेवर दोन वेगवेगळ्या दिवशी जयंती होऊन नांदते आहे, यावरून कागद सापडला म्हणजे वाद मिटतो या समजुतीत किती तथ्य आहे ते कळावे.

आता हस्ताक्षरांकडे वळतो. आणि येथे संग्राहकाच्या दुःखाला खरा आरंभ होतो. स्वाक्षरी मागण्याची चाल आपल्याकडे अर्वाचीन. महात्मा गांधी हरिजन निधीसाठी सहीमागे पाच रुपये घेत, आणि त्या सौद्यात निदान माल चोख मिळत असे. जुन्या राजांचे तसे नाही. राजाने आपल्या हाताने नाव लिहावे ही कल्पनाच त्या काळच्या शिष्टाचाराला उपरी होती. मजकूर चिटणीस सांगे, कारकून बोरूने लिही, माथ्यावर राजमुद्रा उमटे, अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब होई, लांब पत्राचे बंद जेथे चिकटविले असतील तेथे पाठीमागे जोडावर शिक्का बसे. आणि या सर्व सोपस्कारांत स्वतः राजा कोठे असेल तर तो बहुधा घोड्यावर असे. परिणामी शिवछत्रपतींच्या मुद्रेची पत्रे आपल्यापाशी आहेत, पण निःसंशय त्यांचेच म्हणावे असे हस्ताक्षर नाही. संभाजी महाराजांनी मात्र उपकार केले: बाकरे घराण्याला १६८० साली दिलेल्या संस्कृत दानपत्राच्या माथ्यावर त्यांनी आपली संमती आपल्या हाताने लिहिली, आणि त्या दोन ओळींपुढे संग्राहकाने आयुष्यभर हात जोडून उभे राहावे. पेशव्यांच्या पत्रांत अखेरचे आशीर्वादाचे वा विनंतीचे दोन-चार शब्द तेवढे कधीकधी स्वदस्तुरचे असतात; अक्षर बदलले, शाई जाडावली, की जाणकाराचा श्वास अडकतो. मोगल बादशहा अधिक व्यवहारी. फारच मर्जी असली तर ते फर्मानावर आपला पंजा उमटवीत, म्हणजे लेखणी धरण्याचाही प्रश्न उरत नसे.

आमचे स्थानिक सार्वभौम, सातवे निजाम मीर उस्मान अली खान, यांची तऱ्हा याच्या अगदी उलट. त्यांच्या नावावरून आमच्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत, आणि ते नाव जाऊन धाराशिव परत येण्यास २०२३ साल उजाडावे लागले. १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातला सर्वांत धनाढ्य पुरुष म्हणून त्यांची तसबीर मुखपृष्ठावर छापली; आणि तरीही काटकसर अशी की कागदाचा कपटा वाया जाऊ द्यायचा नाही, त्यावरही हुकूम लिहावयाचा, अशी त्यांची ख्याती होती. ते कपटे उडू नयेत म्हणून जे वजन ठेवले जाई तो १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा होता, आणि तो थोरल्या निजामांच्या जोड्याच्या टोकात गुंडाळलेला सापडला असे सांगतात. भारत सरकारने १९९५ साली निजामाचे जवाहीर २१८ कोटी रुपयांना घेतले तेव्हा हा हिराही घेतला. सर्व जग त्या हिऱ्याकडे पाहत राहिले. त्याच्याखाली दडपलेला कागद कोणता होता, हे विचारणारा मनुष्य जो असेल तो आमच्या पंथाचा.

राजपत्र हाती आले तरी त्यातला मजकूर पाहून संग्राहकाचा हिरमोड होण्याचा संभव फार. त्याला अपेक्षा असते तलवारीच्या खणखणाटाची, आणि पत्रात असते वैरण. शिवाजी महाराजांच्या चिपळूणच्या छावणीसंबंधीच्या प्रख्यात पत्रात रयतेला काडीचाही आजार देऊ नये अशी जी ताकीद आहे ती सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच पत्रात रात्री दिवा जळता ठेवू नये, उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंजीला आग लागून घोडे उपाशी मरतील, अशीही काळजी वाहिलेली आहे. उंदराचा एवढा विचार करणाऱ्या राजाला हिंदुस्थानात दुसरी जोड मला तरी दिसत नाही. खरे पत्र ओळखण्याची ही एक खूणच समजावी: ते कशाला तरी वैतागून लिहिलेले असते. सारा थकला, तोफेचे गाडे रुतले, कारकुनाने हिशेब दिला नाही, देशमुखाने दुसऱ्याचे पाणी तोडले. आणि घराणी आपले कागद दाखवीत नाहीत त्याचे आणखी एक कारण, जे ती सांगत नाहीत, ते असे की वाचून घेतल्यावर त्यांत पूर्वजाची शौर्यगाथा न निघता खरडपट्टी निघालेली असते.

बनावट पत्रात खरडपट्टी कधीच नसते. मूळ पुरुष त्यात एकटा शंभरांना भारी पडतो आणि महाराज गहिवरून त्याला सात गावे देतात. असा एक ‘शिवकालीन’ कागद मला अगदी गुप्तपणे दाखविण्यात आला होता. चहाच्या पाण्याचा रंग त्यावर उत्तम चढला होता, कडा चुलीवर शेकलेल्या होत्या, मधूनमधून वाळवीला स्वतः आमंत्रण देऊन भोके पाडून घेतली असावीत असेही वाटत होते. मात्र त्यातले ऱ्हस्वदीर्घ निर्दोष होते. ज्या मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळण्याची रीतच नव्हती, जीत आधी कागदभर आडवी रेघ ओढून मग लेखणी न उचलता अक्षरे तिला लोंबकळत सोडली जात, शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याच्या पुण्याईवर सोपविले जाई आणि पूर्णविराम औषधालाही नसे, त्या मोडीत हा कारकून प्रत्येक वाक्याअखेर टिंब देत होता आणि साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम तीनशे वर्षे आधीच पाळीत होता. मालकाला मी इतकेच म्हणालो की, कागद फार शुद्ध आहे. तो प्रसन्न झाला.

या बाबतीत आपल्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध कागद म्हणजे ‘ध’चा ‘मा’ केलेला. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला हे खरे. पण आनंदीबाईने ज्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ केले म्हणतात तो मूळ कागद कोणी समोर ठेवलेला नाही. असे असूनही त्यातली खाडाखोड नेमकी कशी होती, शाई ओली होती की वाळलेली, हे सांगणारे लोक मला कळंबपासून कोल्हापुरापर्यंत भेटले आहेत. न सापडलेल्या कागदावर वाळवीचाही इलाज चालत नाही.

एवढे सगळे सोसून माझे स्वतःचे मन जडले आहे ते मात्र राजमुद्रांवर नव्हे, महजरांच्या, म्हणजे गोतसभेच्या निवाडापत्रांच्या, शेवटच्या भागावर. वतनाचा वा मिराशीचा कज्जा झाला की गोत बसे, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार जमत, निवाडा होई, आणि मग प्रत्येकजण आपली निशाणी करी: पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा, आणि कोणी बाई वारसदार असली तर तिची बांगडी. लिहिता न येणाऱ्या माणसांनी काढलेली ही चिन्हे. कोणाचा नांगर ऐसपैस आहे, फाळ ठसठशीत. कोणाचा इतका किरटा की निवाडा त्याच्याविरुद्ध गेला असावा हे मजकूर न वाचता कळते. राजाच्या कागदावर राजाचा हात शोधून डोळे जातात, आणि येथे रयतेचे हात ओळीने उमटलेले आहेत. तरीही बाजारात भाव त्या मुद्रेला, या नांगराला कोणी विचारीत नाही. एका पाटलांना मी त्यांच्या पूर्वजाचा नांगर दाखविला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “पण शेत कुठलं ते लिव्हलंय का?”

वाचणारे कमी, हा खरा घोर आहे. कागद मोडीत, त्यातले शब्द फारसी वळणाचे, तारीख अरबी आकड्यांत. ‘सीत सबैन अलफ’ म्हणजे सहा, सत्तर आणि हजार मिळून शुहूर सन १०७६, त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १६७५, आणि हे वर्ष मृग नक्षत्राबरोबर पालटते, हे समजून सांगेपर्यंत श्रोत्याची एस.टी. निघून गेलेली असते. निजामाच्या अमदानीतले पुढचे कागद उर्दूत, वर्ष फसली. देवस्थानच्या वा मशिदीच्या इनामाचा मुंतखब, म्हणजे मंजुरीचा दाखला, घरात असतो, पण आजोबा उर्दू शिकले होते, वडील हिंदी शिकले आणि मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. २०२३ साली मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने समिती नेमली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. ज्या वृद्ध मोडीवाचकाला घरात कोणी चहा विचारीत नव्हते त्याच्या दारात मोटारी उभ्या राहिल्या. विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने बावीस खंड काढले, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, गावोगाव हिंडून दप्तरे पालथी घातली, स्वतःच्या हाताने रांधून खाल्ले आणि दिसेल त्याच्याशी भांडले. त्यांच्या हयातीत मोडीला इतकी किंमत आल्याचे ऐकिवात नाही.

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत आमच्या येडेश्वरीची पालखी आमराईत येते तेव्हा लक्षावधी भाविक तिथल्या शिवारात चुनखडीचे खडे वेचतात. कोणी म्हणत नाही की हा खडा माझ्या वाटणीचा, तो चुलत्याच्या वाटणीचा. वेचलेला खडा देवीच्या राशीत पडतो आणि मोकळा होतो. ही रीत कागदांना लागू करण्याची सूचना मी एकदा पारावर मांडून पाहिली. सर्वांना ती पटली, आणि प्रत्येकाने आरंभ शेजाऱ्यापासून करावा असे सुचविले.

ज्या घरातला दावा मिटतो त्या घरातल्या कागदाचे पुढे काय होते, ही गोष्ट अधिक चिंतेची. तडजोड झाली, सातबारा दुरुस्त झाला, की सनदेचे संरक्षण संपते आणि ती रद्दीत जाते. आमच्यापासून जवळच असलेले तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि फटाक्याला कागद लागतोच. तेव्हा दिवाळीत एखादी लवंगी माळ वाजवीपेक्षा जास्त आवाज करू लागली की माझ्या मनात उगाच येते, हे कोणते इनामपत्र होते? उलटपक्षी, आमच्याच जिल्ह्यातल्या तेर येथे, जुन्या तगर नगरीच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे या एका गृहस्थांनी वेचून वेचून जमविल्या आणि त्यांतून आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय उभे आहे. मातीच्या खापरांवर भाऊबंद हक्क सांगत नाहीत, ही त्यांच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. पण तेवढ्याने त्यांचा पराक्रम लहान होत नाही.

केंद्र सरकारच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाचा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांचा झाला की पुरावस्तू ठरतो आणि परदेशी नेता येत नाही. म्हणजे निजामी अमलातली शेवटची सारा भरल्याची पावतीसुद्धा आता वयाने पात्र झाली. तिला महत्त्व आहे की नाही हे आमच्याकडे बांध कोणाचा यावरून ठरेल, एवढेच. तेव्हा ज्यांच्या घरी डबा आहे त्यांना माझी विनंती अशी: कागदाला चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये बंद करून घेऊ नका, घडीवर पुन्हा घडी घालू नका, आणि मूळ कोणालाही, मलासुद्धा, देऊ नका, फक्त एकदा उजेडात उलगडून त्याची छायाचित्रे काढू द्या. आणि त्यात कोठे नांगराची निशाणी असेल तर मला जरूर कळवा. तुमच्या शिवारात माझा एक गुंठाही हक्क नाही, हे मी शपथेवर लिहून द्यायला तयार आहे. मुद्रांकाचा खर्च तेवढा आपण सोसावा.